रेझिनची पिवळी पोती

१

केंद्रीय अबकारी खात्याचे अधीक्षक वासुदेव केळुसकर यांचं वजन काही फार नव्हतं. खानावळीची आमटी आणि एकट्याचं जेवण यांनी माणूस फुगत नाही. तरी वैशाखातल्या त्या दुपारी केशर कास्टिंग ह्या ओतकामाच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये मोजणी संपवून ते घडीभर रेझिनच्या एका पोत्यावर टेकले, आणि पोतं फाटलं. फाटलं म्हणजे कसं? तर सर्कशीतल्या तोफेसारखं. पिवळ्या धुरळ्याचा लोट उठला तो थेट पत्र्याला जाऊन भिडला, तिथून पुन्हा खाली आला, आणि खाली बसला तेव्हा साहेब नखशिखांत पिवळे झाले होते.

"अगं बया! साहेबांना हळद लागली की!" दारातून टिपुगडेबाई म्हणाल्या. कारखान्याची सगळी लिखापढी आणि टायपिंग ह्या बाईंकडे. "आता नवरी तेवढी बघायला पायजे. मी बघतो, काय काळजी करू नका."

केळुसकरांना हसू आलं. त्यांची कुणी थट्टा केल्याला वर्षं लोटली होती. अबकारीवाल्याशी लोक अदबीने बोलतात, दोन्ही हातांनी चहा देतात, आणि तो गेला की फाटकाला दोनदा कडी घालतात. कोकणातल्या माणसाने कोल्हापुरात एकट्याने राहायचं, वर हे खातं! साहेब दिवसातून जेवढं बोलत, त्याहून त्यांच्या घरमालकिणीचा पोपट जास्त बोले.

ते नळावर गेले. हातांना साबण लावला. आणि चोळता चोळता थांबले.

फेस तांबडा झाला होता. रक्तासारखा.

रेझिन साबणाने लाल होत नाही. रेझिनला दवाखान्यासारखा उग्र वास असतो, तोही ह्या पुडीला नव्हता. साबणाने लाल होते ती हळद. केळुसकरांनी बाहीवरची चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. दातांखाली कचकच लागली. गणपती करतात ती शाडू माती, रंगापुरती हळद घातलेली.

ते परत स्टोअरमध्ये आले. मघाशी मोजलेल्या पोत्यांना एकेक करून चिरा दिल्या. सगळीकडे तेच. हळदुली शाडू.

"बाई," ते म्हणाले, "अण्णांना बोलवा."

२

सरकारचा नियम सोपा होता. कारखानदाराने कच्चा माल घेताना त्यावरचा अबकारी कर भरलेला असतो. पक्का माल विकताना तेवढा कर त्याला वळता करून मिळतो. पण त्यासाठी आपण कोणकोणता कच्चा माल वापरतो, ते आधी लिहून जाहीर करावं लागतं. ह्या कागदाला औद्योगिक वसाहतीत सगळे डिक्लेरेशन म्हणत. केशर कास्टिंगच्या डिक्लेरेशनमध्ये कच्चं लोखंड होतं, भंगार होतं, आणि वर्षभरापासून रेझिन होतं. पंपाचं कवच ओतायचं तर आतली पोकळी राखायला वाळूचा गाभा करावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. त्या वाळूला धरून ठेवतं ते रेझिन. माल महाग, त्याच्यावरचा कर जबर, आणि वळता मिळणारा आकडाही तसाच.

आणि ते रेझिन तर शाडू निघालं.

मालक रायगोंडा हुक्केरे, म्हणजे अण्णा, धावत आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढऱ्या मिशा. पोती बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बुडालो की हो साहेब! मी पैसे मोजले, कर भरला, आणि ह्या हिंदुरावनं माती भरून ठेवली! किल्ली त्याच्याच कमरेला. दुसऱ्या कुणाचं काम असणार?"

स्टोअरकीपर हिंदुराव इंगवले दारातच उभा होता. दार त्याला अपुरं पडत होतं. एके काळी त्याने खासबागेच्या कुस्ती मैदानात पंजाबी मल्लाला चीत केलं होतं. कान कुस्ती खेळून खेळून भज्यासारखे झाले होते. तो एवढा अवाढव्य माणूस भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली घसरत गेला.

"फौजदारांना फोन केलाय," अण्णा म्हणाले. "पण भट्टी पेटलीया. शेवटची पळी ओतल्याबिगर फाटक उघडायचं न्हाई."

ही फाउंड्रीची जुनी रीत. सकाळी नारळ फोडून भट्टी पेटवली की रस संपेपर्यंत ना कुणी बाहेर जायचं, ना बाहेरचा आत यायचा. मग तो फौजदार असो नाहीतर मालकाचा सासरा. वितळलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही.

म्हणजे हिंदुरावकडे शेवटच्या पळीपर्यंतचा वेळ होता.

केळुसकर त्याला वजनकाट्याच्या खोलीत घेऊन गेले. खुर्चीवर बसायला तो तयार होईना. बसला तेव्हा खुर्ची कुरकुरली.

"किल्ली तुझ्याकडेच असते?"

"एक माझ्याकडं, एक अण्णांकडं. पण मालक आपलाच माल कशाला चोरंल साहेब?"

"आणि तू?"

"मी चोरीन व्हय?" हिंदुरावने पंजे पसरले. "ह्या हातांनी हळद कालवत बसलो असतो? मला घरात चहा करायचा म्हटलं तर कपाचा कान तुटून हातात येतोय."

केळुसकर हसले नाहीत. हिंदुरावही हसला नाही. त्याचे डोळे भरून आले.

"साहेब, बायको गेली. पोरबाळ न्हाई. संध्याकाळी तालमीत जातोय, तेवढंच माझं घर. पोरं लाल माती लावून माझ्या पाया पडत्यात, वस्ताद म्हणत्यात. एक रात्र कोठडीत काढली की संपलं. चोराच्या कोण पाया पडंल? नोकरी गेली तर जाऊ दे. दगड फोडीन. तालीम गेली तर मी संध्याकाळी कुठं जाऊ?"

संध्याकाळी कुठे जायचं, हा प्रश्न केळुसकरांना चांगला ठाऊक होता. त्यांच्यापाशीही त्याचं एकच उत्तर होतं, तेही फक्त रविवारपुरतं. रविवारी दुपारी ते हुक्केरे अण्णांकडे बुद्धिबळ खेळायला जात. सबंध शहरात त्यांना 'या, बसा' म्हणणारं ते एकच घर होतं. अण्णा जैन, सूर्य बुडायच्या आत जेवणारे. साहेबांसाठी ताट मांडलेलं असे. डावात अण्णा बेधडक चाली परत घेत आणि वर 'पाहुण्यानं एवढं चालवून घ्यावं' म्हणत.

आज त्याच अण्णांच्या कारखान्यात चोरी झाली होती, आणि चोर शोधायला साहेबांपाशी शेवटच्या पळीपर्यंतचा वेळ होता.

३

टिपुगडेबाई ऑफिसात डबा उघडून बसल्या होत्या.

"डिक्लेरेशन तुम्हीच टाइप केलं?"

"मीच केलो. आणि कोण करतंय? खर्डा अण्णांचा, बोटं माझी."

"रेझिनच्या आधी कोअरला काय वापरत होता तुम्ही?"

"ते मला काय माहीत? मी तेच विचारलो अण्णांना. म्हटलं, जुना माल लिहायचा का न्हाई? तर म्हणाले, त्याच्यावर सरकारचा करच न्हाई, मग लिहायचा कशाला?" बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "खरं सांगू का साहेब? हिंदुरावनं चोरलं असतं तर मला पयलं कळलं असतं. त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. खासबागेतली ती कुस्ती मला तोंडपाठ झालीया. पंजाब्याला कुठं खाज सुटली होती तेसुद्धा."

केळुसकर भट्टीकडे वळले. ओतकाम चालू होतं. लाल रसाची पळी दोघं जण तोलत आणत, साच्यात ओतत, आणि साच्यातून निळी ज्योत उठे. साहेबांनी सवयीने रुमाल डोळ्यांना लावला. रेझिनचा कोअर जळू लागला की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं. वसाहतीतल्या इतर फाउंड्र्यांतून ते रडतच बाहेर पडत.

आज डोळ्यांना काही झालं नाही. नाकाला झालं. एक ऊनऊन, गोड, थोडा करपलेला वास आला. ह्या गावात ते आले तो पहिला हिवाळा त्यांना आठवला. नवखे होते, कुणी ओळखीचं नव्हतं. पंचगंगेच्या काठाने चालत जात आणि गुऱ्हाळांच्या कडेला उभे राहत. लोक काकवी पीत, हसत, एकमेकांना हाका मारत. त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

पण गुऱ्हाळं माघ-फाल्गुनातच विझतात. वैशाखात गुऱ्हाळ कुठलं?

ते पुढे कोअर शॉपमध्ये गेले. यासिन मुल्लाणी मिस्त्री वाळूच्या गाभ्यावर हळुवार ब्रश फिरवत होता. जणू तान्ह्या पोराला पावडर लावत होता.

"मिस्त्री, ह्या वाळूत काय काय घालता?"

यासिनने ब्रश खाली ठेवला. "साहेब, फाउंड्रीत असं विचारत न्हाईत. माझ्या बापानं मला सांगितलं न्हाई, मी माझ्या भावाला सांगितलं न्हाई. अण्णांनी कुराणावर हात ठेवून घेतलाय माझा. स्टोअरातनं पिवळी पूड येती, ती घालतो. बाकी माझं माझ्यापाशी."

"ह्या वर्षात कोअर फुटल्याची तक्रार?"

"एकबी न्हाई. अल्लाची मेहेरबानी."

मिस्त्रीचं तोंड कुलूपबंद होतं, आणि धंद्याचं गुपित राखणाऱ्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नव्हता. केळुसकर निघाले. निघता निघता त्यांचं लक्ष खाली गेलं. गाभे वाळत ठेवलेल्या लोखंडी मांडणीचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे होते. घरमालकीण दुधाच्या कपाटाखाली ठेवायची, तशाच वाट्या.

साहेब उकिडवे बसले. सहज विचारावं तसं म्हणाले, "मुंग्यांनी बेजार केलंय वाटतं?"

"विचारू नका साहेब!" ह्यात काही गुपित नव्हतं, म्हणून यासिन मोकळा झाला. "मुंगळे, लाल मुंग्या, सगळं खानदान येतंय. एक रात्र वाटी कोरडी पडली की सकाळी कोअरला भोकं. मी औषधाची पावडर आणली होती. मारणार, तेवढ्यात अण्णांनी हात धरला माझा. म्हणाले, यासिन, जीव आहेत ते. आणि ह्या वाट्या स्वतः आणून ठेवल्या."

केळुसकर उठले. गुडघे कडकडले. रेझिनला मुंग्या लागत नाहीत. त्यांना आता सगळं कळलं होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

४

शेवटची पळी ओतून झाली. फाटकाबाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबल्याचं कुणीतरी सांगितलं. केळुसकर मालकांच्या केबिनच्या दारापाशी उभे राहिले.

आता काही बोललं नाही तर? हिंदुराव जाईल. सरकार तेवढ्या रेझिनवरचा कर वसूल करून घेईल, प्रकरण मिटेल, आणि परवा रविवार आहे. तिकडे मांडलेलं ताट असेल. ह्या गावात त्यांना एवढंच होतं, आणि ते राखायला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचा साहेबांना सरावही दांडगा होता.

त्यांनी दार ढकललं.

"या साहेब. झालं का सगळं? फौजदारांना आत घेऊ?"

"आधी दोन मिनिटं बसू." केळुसकर समोर बसले. "अण्णा, समजा हिंदुरावने रेझिन काढून माती भरली. ती माती यासिनकडे गेली. मग कोअरला धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. वर्षभर कोअर ढासळायला हवे होते, ओतीव माल भंगारात जायला हवा होता. एकही तक्रार नाही. का?"

अण्णा मिशीवरून हात फिरवत राहिले.

"कारण कोअर मातीने धरलेच नव्हते. गुळाच्या पाण्याने धरले होते. जुनी तऱ्हा. गुळावर अबकारी कर नाही, म्हणून तो डिक्लेरेशनमध्ये लिहिला नाही. मी आत्ता भट्टीपाशी उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं नाही. भर वैशाखात गुऱ्हाळाचा वास आला."

"मग यासिननं..."

"यासिन गूळ वापरतो, पण आणून देतं कोण? स्टोअरकीपरला गुळाच्या ढेपा परस्पर विकत घेता येत नाहीत, खरेदी मालकाच्याच हातात. अण्णा, ज्याने पहिल्या दिवसापासून गूळ चालू ठेवला, त्याला पोत्यात रेझिन नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चोरी झालेल्या माणसाला आधीच ठाऊक नसतं. खरं रेझिन तुमच्याकडे आलंच नाही. कर भरल्याची पावती आली आणि रिकामी पोती आली. त्या पावतीवर तुम्ही कर वळता करून घेतलात. माल परस्पर कुठल्या तरी प्लायवूडवाल्याकडे रोखीने गेला, त्यांनाही रेझिन लागतंच."

"पुरावा काय ह्याला?" अण्णा शांतपणे म्हणाले. "गुळाचं मिस्त्री करतोय. त्याला विचारा. मला काय माहीत?"

"मांडणीखालच्या वाट्या तुम्ही ठेवल्यात."

अण्णांचा हात मिशीवर थांबला.

"रेझिनच्या कोअरला मुंग्या येत नाहीत, अण्णा. त्या वाट्या ठेवणाऱ्याला आत गूळ आहे हे ठाऊक होतं. दुसरा कुणी मालक असता तर पावडर मारून मोकळा झाला असता, आणि मीही काही न बघता घरी गेलो असतो. तुमच्या हातून मुंगी मारवली नाही."

बाहेर कुणीतरी साचे फोडत होतं. मग अण्णा हसले, एखादी चाल परत घेताना हसत तसे.

"ऑर्डरी निम्म्यावर आल्या, साहेब. पगार थकला असता. आणि पोती मोजणारा अधिकारी सबंध खात्यात तुम्ही एकटा. बाकीचे चहा घेऊन सही करत्यात. तुमच्यासाठी म्हणून एवढी शाडू भरायला लागली."

"हिंदुरावचं काय?"

"वकील लावून सोडवला असता की महिन्या-दोन महिन्यांत."

"मुंगीला वाटी, आणि हिंदुरावला कोठडी?"

अण्णांनी मान खाली घातली. केळुसकरांना आणखी एक विचारायचं होतं. ते खात्याच्या कामाचं नव्हतं.

"मला रविवारी बोलवायचात, ते ह्यासाठीच?"

"पयल्यांदा ह्यासाठीच," अण्णा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? अबकारीचा माणूस हाताशी असावा म्हणून. मग सवय झाली. एका रविवारी तुम्हाला ताप होता, आला न्हाईसा. मी पट मांडून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत बसलो. बायको म्हणाली, याड लागलं का तुम्हाला?" ते थांबले. "ते बी खरंच आहे. आता तुम्हाला पटो न पटो."

केळुसकरांना ते पटलं. न पटतं तर उठणं सोपं गेलं असतं.

"फौजदारांना मी काय ते सांगतो," ते उठत म्हणाले. "तुम्ही घरी फोन करून जेवण उरकून घ्यायला सांगा. दिवस कलायला लागलाय, आणि आज तुम्हाला उशीर होणार."

५

केळुसकरांनी फौजदारांना सगळं सांगितलं आणि हिंदुराव सुटला. फौजदारांनी पाठीवर थाप मारली आणि 'वस्ताद, तुमची ती खासबागेतली कुस्ती मी बापाच्या खांद्यावर बसून बघितली होती' असं सांगितलं. झालं! हिंदुरावने तिथल्या तिथे ती पुन्हा सुरू केली. पंजाबी मल्ल ह्या वेळी आधीपेक्षा वीतभर उंच आणि मणभर जड निघाला. टिपुगडेबाई कानावर हात ठेवून आत पळाल्या. यासिन मिस्त्री लांब उभा होता. तो जवळ आला आणि हिंदुरावचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून उभा राहिला.

केळुसकर फाटकाबाहेर जीपपाशी थांबले. हिंदुराव बाहेर आला. त्याने वाकून साहेबांच्या पायांना हात लावला. त्यांनी दचकून एक पाऊल मागे घेतलं.

"चल," ते म्हणाले. "कोपऱ्यावर चहा घेऊ. मग तालमीपाशी सोडतो तुला."

हिंदुराव घुटमळला. भज्यासारखे कान खाजवले.

"साहेब, रागावू नका. तुम्ही आज मला जे दिलंय ते माझ्या बापानं दिलं न्हाई. पण चहा नको. अबकारीच्या जीपमधनं मी तालमीत उतरलो, तर पोरं इच्यारतील, वस्ताद साहेबांना काय देऊन सुटले? आज एक दिवस तरी मला पायीच जाऊ द्या."

"बरोबर आहे," केळुसकर म्हणाले. आणि ते बरोबरच होतं.

हिंदुराव निघाला. आधी सावकाश, मग लांब ढांगा टाकत. रस्त्यावर त्याला दोन ओळखीचे भेटले. एकाने हाक मारली, त्याने हात वर केला. मग तिघंही हसत पुढे गेले.

साहेब जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने चावी फिरवली.

"नेहमीच्या रस्त्यानं घेऊ का साहेब? तालमीवरनं?"

"नको. हिंदुराव तिकडून पायी चाललाय, त्याच्या मागे आपली जीप नको. आपण नदीकडच्या रस्त्याने जाऊ."

"लई लांब पडतंय की ते. काम हाय का तिकडं काही?"

"नाही," केळुसकर म्हणाले. "तिकडेही काही नाही. घे."